शेवटून कापलेली ओळ

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिण्याचा मान बहुधा निवृत्तांचा असतो. कुणी बँकेत चौतीस वर्षं काढलेली असतात, कुणी जहाजाच्या कंपनीत. माझी सहा झाली आहेत, आणि सिंगापुरातल्या कामाच्या पासचं नूतनीकरण झालं तर सातवं होईल. तरी संपादकांनी मला गाठलं, कारण माझं "काहीतरी कलाबिला" आहे असं त्यांच्या कानावर होतं. मी नाशिकच्या ज्या शाळेत शिकले तिथे मराठी शब्द तोंडातून निघाला की गळ्यात पाटी अडकवायचे. अशा मुलीकडे मराठी लेख मागणं हा आशावाद झाला, आणि तो फक्त दिवाळी अंकाच्या संपादकांनाच परवडतो. मी नाही म्हणणार होते. पण नाही म्हणायला फोन करावा लागला असता, आणि फोनवर बोलण्यापेक्षा लेख लिहिणं मला सोपं जातं.

तर, माझं काम. हार्बरफ्रंटजवळच्या एका सभागृहात मी कार्यक्रम-पुस्तिका लिहिते. तुम्ही नाटकाला किंवा गाण्याला जाता तेव्हा दारातली मुलगी हसून हातात जी चार पानी चोपडी ठेवते, ती. लोक तिच्यात मध्यंतर कधी आहे ते बघतात, मग ती मांडीवर ठेवतात, मग ती खाली पडते. मध्ये कधीतरी, दिवे जाण्याआधीच्या चार मिनिटांत, काहीजण कलाकाराचा परिचय वाचतात. तो मी लिहिलेला असतो. दीडशे शब्द. माणूस ऐंशी वर्षं जगलेला असो की बावीस, दीडशेच.

परिचयाची स्वतःची भाषा असते. कलाकार नेहमी जगप्रसिद्ध असतो. ज्याला जगात कुणीच ओळखत नाही तो "समीक्षकांनी गौरवलेला" असतो, आणि ज्याला समीक्षकांनीही गौरवलेलं नाही तो "सीमा ओलांडणारा" असतो. कुणाचा जन्म होत नाही, कारण जन्म म्हटला की वर्ष आलं. एका व्हायोलिनवादक बाईंनी तर गुरूंची नावंही काढायला लावली होती. गुरू केव्हा वारले ते लोक शोधतात आणि वजाबाकी करतात, असं त्यांचं म्हणणं. मुंबईहून आलेल्या एका गायिकेच्या परिचयात "स्वरसम्राज्ञी" होतं. मी त्याचं इंग्रजी केलं, तर आमच्या व्यवस्थापक अ‍ॅडलीननं विचारलं, हे कोण ठरवतं? मी म्हटलं, आमच्याकडे ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

आणखी एक नियम सांगते, कारण पुढे तो लागणार आहे. मजकूर जागेत बसला नाही तर मांडणी करणारी मुलगी तो शेवटून कापते. वाचायला तिला वेळ नसतो. म्हणून जे महत्त्वाचं ते आधी लिहायचं, आणि शेवटी असं काहीतरी की गेलं तरी कुणी रडणार नाही: "सध्या ते दोन मांजरांसह राहतात," वगैरे. हा नियम मी पहिल्या आठवड्यात शिकले. नव्या माणसांना मीच तो शिकवते. मांजरांचं उदाहरण माझंच आहे.

ओरेन टॉलिव्हर आमच्याकडे शेवटच्या दौऱ्यावर आले. त्याआधीचे दोन दौरेही शेवटचेच होते. ब्लूज म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी सोसलेलं सगळं गिटारवर आणि तीन ओळींत बसवायचं. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, ऐकणारा तोपर्यंत "बरं मग?" म्हणतो, आणि तिसरी ओळ त्याचं उत्तर देते. टॉलिव्हर हे पन्नासहून जास्त वर्षं करत होते. वय अठ्ठ्याहत्तर. पोस्टरवर त्यांचं नाव "डस्टी" टॉलिव्हर होतं, म्हणजे धुळीनं माखलेले.

त्यांच्या अमेरिकेतल्या एजंटनं तयार परिचय पाठवला होता. कापसाच्या शेतातली झोपडी, अनवाणी पोर, सिगारच्या खोक्याला तार ताणून केलेली पहिली गिटार, एक रात्र तुरुंगात. खाली लाल अक्षरांत सूचना होती की यात बदल करू नये. आमच्या मार्केटिंगला तो इतका आवडला की त्यांना धुळीच्या रस्त्याचा फोटो हवा झाला. सिंगापुरात धुळीचा रस्ता शोधायला त्यांना दोन दिवस लागले. शेवटी मरीन परेडला एका बांधकामाच्या कुंपणामागे थोडी धूळ मिळाली, पण फोटोवाला पोचेपर्यंत तिथल्या मुकादमानं नियमाप्रमाणे पाणी मारून ती बसवली होती.

प्रत्यक्ष डस्टी टॉलिव्हर विमानतळावर उतरले ते इस्त्रीच्या शर्टात, टोपी प्लास्टिकच्या डब्यात, आणि वारांच्या सात खणांची गोळ्यांची डबी खिशात. कापूस त्यांनी आयुष्यात गादीतच पाहिला होता. वडिलांचं औषधाचं दुकान होतं. ही माहिती त्यांनी मला पहिल्याच दिवशी दिली, कारण मी परिचय त्यांच्यापुढे ठेवून सही मागितली. "खोक्याची गिटार?" ते म्हणाले. "आमच्या घरात पियानो होता, यंग लेडी." मग त्यांनी सही केली. इतकी वर्षं करत आले होते, हात बसला होता.

कार्यक्रमाच्या परवान्याच्या कागदपत्रांत प्रत्येक गाण्याचा एका ओळीत सारांश जोडावा लागतो. तेही माझंच काम. ब्लूजच्या बाबतीत हे काम सकाळच्या कोपीबरोबर, म्हणजे इथल्या कॉफीबरोबर, उरकता येतं. गाणं पहिलं: बाई सोडून गेली आहे. गाणं दुसरं: बाई परत आली आहे, पण गायकाला आता आगगाडी पकडायची आहे. गाणं तिसरं: आगगाडी चुकली. चौथ्याला मी अडकले. ते त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं, ज्यावर ते इतकी वर्षं जगले. आपण त्याला "ओल्या चादरी" म्हणू. जाणकारांनी या गाण्यावर पुष्कळ लिहिलं आहे. चादरी म्हणजे पुरुषाचं एकटेपण, दोरी म्हणजे नियती, असं सगळं. मी शब्द कागदावर उतरवून घेतले आणि मला वेगळंच दिसलं. या गाण्याला चादरीबद्दल फार माहिती होती. चादर दोरीवर टाकताना एक टोक दातात धरायचं, म्हणजे चिमट्यासाठी हात मोकळा होतो. वाळत आलेली चादर कडेनं आधी कडक होते. ओल्या चादरीआड उभं राहिलं की घरातल्यांचे पाय दिसतात आणि आपले त्यांना दिसत नाहीत.

आणि ज्यांनी हे गाणं रचलं म्हणतात त्या माणसाला मी दोन दिवस पाहत होते. स्वतःचा शर्ट त्यांना हँगरवर धड अडकवता येत नव्हता. तो रोज एका खांद्यानं लोंबायचा आणि मी रोज सरळ करायचे.

मी लोकांना प्रश्न विचारत नाही. ही सभ्यता नाही, भित्रेपणा आहे. पण सहा वर्षांत तो सभ्यता म्हणून खपला आहे. त्या बुधवारी मात्र ग्रीनरूममध्ये ते खिडकीशी गिटार जुळवत बसले होते, खाली फेरीबोटी लागत होत्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चादरीचं टोक दातात कोण धरायचं?"

त्यांनी खुंटी पिळणं थांबवलं. मग म्हणाले, "या गाण्याबद्दल मला खूप लोकांनी विचारलंय. नियती विचारली, गुलामगिरी विचारली. हे कुणी विचारलं नाही."

धरायची ती त्यांची थोरली बहीण, अर्नेस्टीन. वडील दुकानदार, प्रतिष्ठित माणूस. मुलीनं पियानोवर चर्चची गाणी वाजवावीत, तीही पाहुणे आले की, असा घरचा दंडक. असली गाणी मुलीनं वाजवणं शक्यच नव्हतं. अर्नेस्टीनकडे एका भाडेकरूनं मागे टाकलेली गिटार होती. घराच्या मागे धुण्याची खोली होती. दार लावून, यंत्राच्या घरघरीत ती तिथे वाजवायची. गाणं तिथलंच. भावाला गिटार तिनंच शिकवली, असं ते म्हणाले. पुढे ती शाळेत शिक्षिका झाली. पहिल्या रेकॉर्डच्या दिवशी तीच त्यांना गाडीतून स्टुडिओत घेऊन गेली आणि मुलांच्या वह्या तपासायच्या होत्या म्हणून गाडीतच बसून राहिली. आत एका माणसानं फॉर्म पुढे करून विचारलं, गाणं कुणाचं? टॉलिव्हर म्हणाले, माझं. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. बहीण बाहेर लाल शाईनं मुलांच्या चुका काढत होती.

ती त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. फक्त एक मागणी ठेवली: जिथे जिथे वाजवशील तिथली पुस्तिका मला पोस्टानं पाठव. सगळ्या शहरांच्या पुस्तिका तिच्या इस्त्रीच्या टेबलाच्या खणात आहेत. आता ती शहाऐंशी वर्षांची, नजर जवळजवळ गेलेली, भिंगातून वाचते.

"सगळं वाचते," ते म्हणाले. "शेवटच्या ओळीपर्यंत. आणि मग खणात ठेवते."

मी विचारलं, की मग तुम्ही स्टेजवरून सांगून का टाकत नाही? त्या आठवड्यात मी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य असावं. ते म्हणाले की ते दर वेळी सांगायलाच उभे राहतात, पण तेवढ्यात हात वाजवायला लागतात. मग गिटार खाली ठेवून म्हणाले, "तू लिही. एक ओळ. छापलेली. तिला वाचता येतंय तोवर."

गाडीत बसून राहणाऱ्या बायकांबद्दल मला थोडंफार कळतं. मी ओळ लिहिली. एजंटच्या लाल सूचनेकडे दुर्लक्ष करून लिहिली, हे माझ्या मानानं बंड होतं. दुसऱ्या दिवशी ती टॉलिव्हरना दाखवली, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि मान डोलावली. आणि ती ओळ मी परिचयाच्या अगदी शेवटी घातली. का? तर तिथे ती छान वाटत होती. आधी झोपडी, मग खोकं, मग तुरुंग, आणि मग या सगळ्याला टाचणी लावणारी ती एक ओळ. इतरांना मांजरांचं उदाहरण देणारी मी त्या दिवशी लेखिका व्हायला गेले.

गुरुवारी दुपारी प्रायोजक विमा कंपनीनं नवं बोधचिन्ह पाठवलं. आधीच्यापेक्षा मोठं, खाली घोषवाक्यही. मांडणी करणाऱ्या मुलीनं परिचयाच्या तीन ओळी काढल्या. कुठून, ते सांगायला नको. शेवटचं प्रूफ माझ्याकडे आलं. मी प्रायोजकाचं नाव तीनदा तपासलं, कारण आमच्याकडे नोकऱ्या तिथे जातात. तारीख तपासली. मध्यंतर तपासलं. परिचय मी तोवर इतक्या वेळा वाचला होता की तो मला पाठ होता, आणि पाठ असलेला मजकूर कागदावर नसला तरी दिसतो. मी सही केली.

शुक्रवारी दुपारी खोकी आली. टॉलिव्हरनी वरची पुस्तिका उचलली, चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचली. मी समोर होते. ते शेवटच्या ओळीशी पोचले, पान उलटून मागे बघितलं, पुन्हा पुढे आले. मग चष्म्याच्या काड्या एकेक करून मिटल्या.

"असू दे," ते म्हणाले. "तिला सवय आहे."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेले कलाकार मला हाताळता येतात. त्यांच्यासाठी आमच्याकडे फळांची टोपली असते.

मी अ‍ॅडलीनकडे गेले. अ‍ॅडलीन वाईट बाई नाही. तिच्याकडे तीन फोन आहेत आणि तिन्हींवर कुणीतरी वाईट असतं. मी म्हटलं, शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून पुस्तिकेत घालू. ती म्हणाली, चिठ्ठीला मार्केटिंगची, प्रायोजकाची आणि एजंटची मंजुरी लागेल, आणि अमेरिकेत आता सगळे झोपलेत. "मंडे कॅन, लाह." म्हणजे सोमवारी होईल.

मी म्हटलं, कार्यक्रम शनिवारी आहे.

"देन हाऊ?" असं म्हणून तिनं दुसरा फोन उचलला. सिंगापुरात या दोन शब्दांनी अनेक प्रश्न कायमचे सुटतात.

मी परत ग्रीनरूममध्ये गेले आणि त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवून लिहिलं: "आजच्या कार्यक्रमातलं 'ओल्या चादरी' हे गाणं अर्नेस्टीन टॉलिव्हर यांचं आहे. ओरेन टॉलिव्हर यांना गिटार त्यांनीच शिकवली. पुस्तिकेत ही ओळ राहून गेली." त्यांनी वाचलं. मी म्हटलं, ही मंजुरीशिवाय वाटली तर माझी नोकरी जाईल, नोकरीबरोबर पास जाईल, आणि मी नाशिकला जाईन. तिथे आई स्थळांची यादी घेऊन दारात उभीच आहे. हे मी त्यांना घाबरवायला सांगितलं नाही. मला स्वतःला मोठ्यानं ऐकायचं होतं.

त्यांनी पेन मागितलं. खाली सही केली. डस्टी नाही, ओरेन टॉलिव्हर, पूर्ण. सहीला वेळ लागला. या नावाचा हात बसलेला नव्हता.

शनिवारी सकाळी मी सेरंगून रोडला गेले. तिथे लग्नपत्रिका आणि देवळाची पत्रकं छापणारे एक तमिळ गृहस्थ आहेत. मजकूर वाचून त्यांनी विचारलं, वर गणपती हवा का? मी नको म्हटलं. ते नाराज झाले, पण सहाशे चिठ्ठ्या दोन तासांत दिल्या. आता त्या सहाशे पुस्तिकांत घालायच्या होत्या, आणि हॉलमधल्या कुणाला सांगायची सोय नव्हती.

इथे पेंडसे काकू येतात. मी मरीन परेडला त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्यानं राहते. काकू बँकेतून निवृत्त झाल्यापासून मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या पुड्या बांधण्याचं खातं सांभाळतात. पाचशे पुड्या पाऊण तासात, हा त्यांचा आणि त्यांच्या चौघी मैत्रिणींचा लौकिक तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. लाडू एकीकडून सरकतो आणि बांधलेला पलीकडे पोचतो, मध्ये गप्पा थांबत नाहीत. मी त्यांना कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी फोन केला. त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवायला लावली आणि म्हणाल्या, "म्हणजे गाणं बहिणीचं आणि फोटो भावाचा. यात नवीन काय, इरा?" मग विचारलं की किती वाजता यायचं, आणि तिथे एसी फार असतो का.

तीन वाजता पाचही जणी शाली घेऊन हजर. हॉलबाहेरच्या फॉयरमधल्या लांब टेबलाभोवती बसल्या, मध्ये स्टीलचा डबा ठेवला आणि पुड्या बांधायला लागल्या. म्हणजे चिठ्ठ्या घालायला, पण हात तेच. एक पुस्तिका उघडी, दुसरी चिठ्ठी सरकवी, तिसरी ठोकून कडा सारख्या करी. काकूंना मी गाण्याची हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, जात्यावर बसलं की ओवी सुचतेच, फक्त आपल्याकडे दळणारणीचं नाव कुणी विचारलं नाही, आणि तिकडेही नाही, एवढंच समजलं. मग त्या कुणाच्या तरी सुनेकडे वळल्या.

साडेतीनला अ‍ॅडलीन फॉयरमधून चालली होती. थांबली. तिन्ही फोन हातात. "हू आर दीज लेडीज?"

काकूंनी मान वर न करता, बँकेच्या काउंटरवरच्या आवाजात सांगितलं, "वी आर फ्रॉम द मंडळ." आणि डबा पुढे केला. मंडळ म्हणजे काय हे अ‍ॅडलीनला माहीत नव्हतं, पण ते एखादं खातं असावं आणि आपल्याला माहीत असायला हवं होतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं चकली घेतली आणि गेली.

साडेसातला हॉल भरला. मी बाजूच्या पडद्याआड उभी होते. टॉलिव्हर टोपी घालून बाहेर गेले, टाळ्या झाल्या, ते खुर्चीत बसले. इथे ते नेहमी झोपडीची गोष्ट सांगतात. समोर निम्मा हॉल मान खाली घालून वाचत होता. पांढरे कागद दिसत होते, रांगेमागून रांग. त्यांचा उजवा हात तारांवर गेला, आणि मला वाटलं, झालं, वाजवायला लागले. पण त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

"वाचताय?" ते माइकमध्ये म्हणाले. "वाचा. मला घाई नाही."

आणि थांबले. सहाशे माणसांसमोर एक गाणारा काही न करता बसला आहे, हे बघायला भयंकर असतं. एकेक मान वर आली. कुणी टाळी वाजवली नाही. मग त्यांनी "ओल्या चादरी" सुरू केलं. यादीत ते चौथं होतं, पण त्या दिवशी पहिलं झालं. झोपडी आलीच नाही. गाणं चांगलं झालं की नाही ते मला सांगता येणार नाही, मी त्यांचा खांदा बघत होते. नेहमीपेक्षा ताठ होता.

सोमवारी अ‍ॅडलीननं बोलावलं. मी टेबलाचा खण आधीच रिकामा केला होता: एक शाल, दोन चहाच्या पिशव्या, सहा वर्षं. तिच्यासमोर चिठ्ठी होती. ती म्हणाली, प्रायोजकाच्या बायकोला रडू आलं. एका समीक्षकानं लिहिलं होतं की चिठ्ठीची कल्पना ही सभागृहाच्या प्रसिद्धी विभागाची कमाल आहे. एजंटनंही निरोप पाठवला होता: हे पुढच्या शहरांतही करता येईल का, फक्त त्यात तुरुंगाचा उल्लेख बसवावा. "पुढच्या वेळी मला आधी सांग," अ‍ॅडलीन म्हणाली, आणि थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "माझी थोरली बहीणही माझे निबंध लिहायची." मग तिसरा फोन वाजला.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला चिठ्ठी असते. "प्रेक्षक-सहभाग" असं तिचं खातं उघडलं आहे आणि ते माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात एका पियानोवादकाची चिठ्ठी होती, की त्याला लाक्सा हा इथला नूडल्सचा रस्सा आवडतो. तिला तिन्ही मंजुऱ्या मिळाल्या.

टॉलिव्हर जाताना दोन पुस्तिका घेऊन गेले. एक पोस्टात टाकायला, एक पोस्टावर विश्वास नाही म्हणून. तीन महिन्यांनी माझ्या नावानं एक पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. आमचीच चिठ्ठी होती, चार घड्या घातलेली, आणि तिच्यावर लाल पेनानं, भिंगाखाली लिहिल्यासारख्या मोठ्या अक्षरांत दुरुस्ती. शिक्षिकेचा हात. "गिटार त्यांनीच शिकवली" यावर आडवी रेघ. म्हणजे पन्नास वर्षांनी खरं सांगताना टॉलिव्हरनी त्यातही स्वतःसाठी थोडी जागा ठेवलीच होती. समासात लिहिलं होतं:

"मी त्याला कधी शिकवलं नाही. तो दाराबाहेर बसून ऐकायचा आणि मला कळत नाही असं त्याला वाटायचं. मला माहीत होतं. म्हणून मी सावकाश वाजवायचे. बाकी बरोबर. दुरुस्त करून पुन्हा छापावे."

चिठ्ठी पुन्हा छापायची तर पुन्हा कार्यक्रम हवा, आणि टॉलिव्हर यांचा पुढचा शेवटचा दौरा अजून जाहीर झालेला नाही. त्यामुळे मी ती दुरुस्ती इथे छापते आहे. अंक आला की एक प्रत पोस्टानं जाईल. मराठी अर्नेस्टीनना वाचता येणार नाही, पण स्वतःचं नाव असलेल्या जागेखाली मी पेन्सिलीनं खूण करून देईन आणि इंग्रजी सोबत जोडीन.

संपादकांना एकच विनंती. जाहिरात वाढली आणि जागा कमी पडली, तर हा लेख जरूर कापा. पण सुरुवातीपासून.